टायर घेताना कंजुषी कुणाच्या जिवावर?

कापडाच्या व्यापाऱ्याने टायरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील ज्या बांधवांचा माल रोज रस्त्यावर असतो, त्यांना ते वाटू नये. आपला धंदा मागावर चालतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो टेम्पोच्या चार टायरांवरही तेवढाच चालतो. सूत टेम्पोने येते, बीम टेम्पोने जातो, तागे टेम्पोनेच पुढे रंगाईला जातात. तरीही सुताच्या गोणीवरचा काउंट वाचल्याशिवाय पैसे न मोजणारा आपला व्यापारी टायरच्या दुकानात मात्र एकच प्रश्न विचारतो, "सर्वांत स्वस्त कोणता?" आम्हीही वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारीत आलो. त्याची किंमत आमच्या चालकाने मोजली, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

घटना थोडक्यात सांगतो. मे महिना होता. आमचा छोटा टेम्पो सूत भरून मुंबई-आग्रा रस्त्याने निघाला होता. आदल्याच दिवशी चालक म्हणाला होता, "सेठ, मागचा डावा टायर बरोबर दिसत नाही. बाजूला फुगा आलाय." आम्ही म्हणालो, "भाई, ही एक खेप करून या, मग बघू." तो टायर आम्ही जुन्या बाजारातून घेतला होता. जोडीमागे जेमतेम तीन हजार रुपये वाचवले होते. घाट यायच्या आधीच, सरळ रस्त्यावर, दुपारी दोनच्या सुमारास तो फुटला. टेम्पो आडवा झाला. अल्लाहच्या कृपेने चालकाचा जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि सात महिने तो घरी बसला. वजन परवानगीपेक्षा जास्त होते म्हणून विम्याचाही आधार मिळाला नाही. दवाखाना, खराब झालेले सूत, गाडीची दुरुस्ती, चालकाच्या घरचा खर्च हे सारे आम्ही भरले. भरलेच पाहिजे होते. पण त्या माणसाच्या चालण्यात आलेली लचक आम्हाला कोणत्याही रकमेने भरून काढता आलेली नाही.

भाच्याची मोटार आणि आमचा टेम्पो

त्यानंतर काही महिन्यांनी आमचा एक भाचा इंग्लंडहून सुटीवर आला. तेथे तो नोकरीस आहे आणि त्याला हलक्या स्पोर्ट्स कारचा शौक आहे. जुनी लोटस एलिस त्याने घेतली आहे. ही मोटार १९९६ साली प्रथम बाजारात आली आणि तेव्हाचे तिचे वजन सुमारे ७२५ किलो. म्हणजे आपला 'छोटा हत्ती' कायद्याने जेवढा माल पाठीवर घेऊ शकतो, साधारण तेवढीच ती अख्खी मोटार! आठवडाभर तो तिच्यातून कामावर जातो आणि अधूनमधून सुटीच्या दिवशी पैसे भरून ब्रँड्स हॅचसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवतो. आम्ही मनात म्हटले, श्रीमंतांचे चोचले. परंतु टायरची निवड त्याने ज्या विचाराने केली होती ती ऐकून आम्हाला आमचीच लाज वाटली.

तो म्हणाला, "मामू, ट्रॅकचा टायर आणि रस्त्याचा टायर या दोन वेगळ्या चीजा आहेत." ट्रॅकच्या टायरचे रबर मऊ असते, त्यावर खाचा कमी असतात आणि तो गरम झाल्यावरच रस्ता धरतो. थंडीच्या सकाळी किंवा साचलेल्या पाण्यात तोच टायर दगा देतो, कारण पाणी बाहेर काढायला त्याला पुरेशा खाचाच नाहीत. उलट रस्त्याच्या टायरवर खोल खाचा असतात. तो थंडीत, पावसात काम करतो, पण ट्रॅकवर सतत जोराने वळवला की त्याची नक्षी वाकते, तापते आणि कडेने रबर सोलवटून निघते. या दोहोंच्या मधला टायरही मिळतो. कोरड्यात तो उत्तम, पण झिजल्यावर पावसात धोक्याचा.

त्यातही मोटार हलकी असेल तर हिशेब आणखी बदलतो. जड गाडीसाठी बनवलेला ताठ आणि कडक टायर हलक्या मोटारीखाली पुरेसा तापतच नाही, मग तो कितीही महाग असो. टायर गरजेपेक्षा रुंद घेतला तर हलकी मोटार पाण्यावर लवकर तरंगू लागते. म्हणजे 'मोठा आणि महाग तो चांगला' हेही खरे नाही. टायर गाडीच्या वजनाला आणि कामाला जुळला पाहिजे.

मग त्याने काय केले? त्याने सांगितले की एकच संच परवडत होता तेव्हा चांगला रस्त्याचा टायर घेतला. ट्रॅकवर गाडी घसरली तर दोन सेकंद जातात आणि बाजूला मोकळी जागा असते. घरी परतताना पावसात घसरली तर समोरून ट्रक येत असतो. पुढे पैसे जमले तेव्हा ट्रॅकसाठी चाकांचा वेगळा संच घेतला. तात्पर्य, एक टायर दोन्ही कामे पूर्ण करीत नाही. एकच निवडायचा असेल तर जेथे चूक झाल्यास जीव जातो, त्या जागेसाठी निवडावा.

आमच्या मते आपल्या टेम्पोचीही हीच अवस्था आहे. त्यालाही दोन रस्ते आहेत. एक आपल्या गल्लीबोळांचा, खड्ड्यांचा, गटारीच्या कडांचा. दुसरा महामार्गाचा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता थेट भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन पोहोचला. सिमेंटचा रस्ता, तासन्‌तास एकच वेग, थांबा नाही, टायरला थंड होण्यास उसंत नाही. गल्लीत जो टायर वर्षभर चालला तो तेथे तासाभरात बोलू लागतो. आपण मात्र टायर गल्लीचा हिशेब करून घेतो आणि महामार्गावर सोडतो.

टायर हेही कापडच आहे

ही गोष्ट आपल्या मागवाल्या बांधवांना सहज समजेल, कारण टायरच्या आत कापड असते. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला तेव्हा रबरी नळीवर कापडाचेच आवरण होते. पण साध्या विणीच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांवर घासतात, तापतात आणि एकमेकांना कापतात. म्हणून पुढे टायरसाठी असे कापड आले की ज्यात जवळजवळ सगळा ताणाच असतो. बाणा फक्त दोरे जागेवर धरण्यापुरता, अगदी विरळ. आधी हे दोरे सुती होते, मग रेयॉन, नायलॉन आणि पॉलिएस्टर आले.

जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये हे थर तिरके, एकमेकांना छेद देत बसवलेले असतात. त्याला क्रॉसप्लाय किंवा साध्या भाषेत नायलॉन टायर म्हणतात. त्याची बाजू जाड असते, खड्डा सोसते, किंमत कमी असते. परंतु थर एकमेकांवर घासत असल्याने वेगात तो लवकर तापतो. रेडियल टायर मिशेलिन कंपनीने १९४६ साली काढला. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर नक्षीखाली बहुधा पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे तो कमी तापतो, रस्त्यावर सपाट बसतो आणि जास्त किलोमीटर चालतो. मात्र त्याची बाजू नरम असते. फूटपाथच्या कडेला घासून गाडी लावणाऱ्या चालकाच्या हाती तो टिकत नाही. महामार्गावर जाणाऱ्या टेम्पोला रेडियलच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला क्रॉसप्लाय चालेल. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय, हे मात्र कधीही करू नये. दोन्ही वेगळ्या तऱ्हेने वळतात आणि ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढते.

गोणीचे लेबल वाचता, मग टायरचे का नाही?

टायरच्या बाजूवरची अक्षरे इंग्रजीत असतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे, ती अक्षरे म्हणजे कंपनीचे काहीतरी असे समजून सोडून देत होतो. पण त्यात अवघड असे काही नाही. समजा लिहिले आहे, '१४५ आर १२ एलटी ८पीआर'. यातील १४५ हा टायरचा पन्हा, मिलिमीटरमध्ये. 'आर' म्हणजे रेडियल. १२ म्हणजे रिमचे माप, इंचात. 'एलटी' म्हणजे हलक्या मालगाडीसाठीचा. 'पीआर' हे मजबुतीचे माप. सुती कापडाच्या जमान्यात ते खरोखरच थरांची संख्या दाखवीत असे. आज आठ थर असतीलच असे नाही, पण तेवढी ताकद आहे असा अर्थ घ्यावयाचा.

पुढे दोन आकडे आणि एक अक्षर असते. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. 'पी' म्हणजे जास्तीत जास्त १५० किलोमीटर वेग, 'क्यू' म्हणजे १६०. हे वजन हवा पूर्ण असताना मिळते, हे विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे चार आकडे छोट्या लांबट चौकटीत असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ही त्याची जन्मतारीख. रबर वापरले नाही तरी वयाने ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर वापर बंद, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. आपल्याकडील ऊन, रस्ते आणि वजन पाहता टेम्पोच्या टायरला सहा वर्षे पुरे, असे आम्ही आता मानतो. आमचा फुटलेला टायर नऊ वर्षांचा होता. नक्षी मात्र छान दिसत होती! जुन्या बाजारात नक्षी पाहून टायर घेणे म्हणजे इस्त्री पाहून कापड घेण्यासारखे आहे.

नक्षीचेही माप ठरलेले आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. चारचाकीसाठी तीच कायद्याची हद्द आहे. त्यापुढे तो गोटा टायर. पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी बदलणे शहाणपणाचे.

वजन, हवा आणि उष्णता

टायर फुटला की आपण उन्हाला दोष देतो. खरे दोषी तिघे असतात. जास्त वजन, कमी हवा आणि सतत वेग. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला वाकते, वाकून तापते आणि आतले थर सुटतात. बाहेर जो फुगा दिसतो तो या सुटलेल्या किंवा तुटलेल्या दोऱ्यांचाच असतो.

आपलाच हिशेब मांडून पाहू. छोटा टेम्पो रिकामा सुमारे ८०० किलो. त्यावर पन्नास किलोच्या पंधरा गोण्या म्हणजे ७५० किलो, ही झाली मर्यादा. आपण भरतो तीस. एकूण २३०० किलो झाले. त्यातील दोन तृतीयांश मागच्या चाकांवर धरले तर प्रत्येक मागच्या टायरवर साडेसातशे किलोंहून अधिक. टायरची ताकद ५३० किलोची असेल तर उत्तम कंपनीचा नवा कोरा टायरही येथे काय करणार? दंडाचीही गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार अशी तरतूद आहे. दोन खेपांचे भाडे एका खेपेत वाचवण्याची हुशारी एका नाक्यावर संपते.

हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. तापमान साधारण साडेपाच अंश वाढले की दाब सुमारे एक पौंड वाढतो. कंपनीने दिलेल्या मापात ही वाढ धरलेली असते. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढणे चुकीचे आहे. टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते आणि पुढच्या खेपेला तो आणखी तापतो. आमचा भाचा ट्रॅकवर गरम टायरमधून हवा काढतो खरा, पण घरी निघण्यापूर्वी ती पुन्हा भरतो. आपण पहिला भाग शिकलो, दुसरा नाही. नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर खुशाल भरावा, पण तो भरला म्हणून महिनाभर गेज लावायचाच नाही, यात नफा काही नाही.

रिमोल्डविषयी आमचे मत वेगळे आहे. काही लोक त्याला सरसकट वाईट म्हणतात, ते आम्हास पटत नाही. ट्रकच्या टायरचा सांगाडा शाबूत असेल आणि काम चांगल्या कारखान्यात झाले असेल तर मागच्या चाकांना तो चालतो, पैसाही वाचतो. परंतु पुढच्या चाकाला रिमोल्ड नको, कारण तो फुटला की स्टिअरिंगच हातून जाते. आणि ज्या टायरला एकदा फुगा आला त्याला वरून नवे रबर चढवणे म्हणजे फाटक्या कापडावर कशिदा काढणे होय.

पंक्चरच्या दुकानातील आमच्या भावांना

या व्यवसायात आपल्या समाजाचे हजारो तरुण आहेत. 'पंक्चरवाला' हा शब्द हल्ली टोमणा म्हणून फेकला जातो. हलाल कमाईत कमीपणा कसला? परंतु टोमण्याला उत्तर कामानेच द्यावे लागते. दुकानात खरा गेज ठेवा, तो वर्षातून एकदा तपासून घ्या. टायर खोलला की गिऱ्हाइकाला जन्मतारीख वाचून दाखवा. फुगा आलेला टायर परत चढवून देऊ नका, गिऱ्हाईक चिडले तरी देऊ नका. जुना टायर विकताना त्याचे वय लपवणे आणि मापात मारणे यांत आम्हाला फरक दिसत नाही. आपल्या दीनने मालातला दोष सांगूनच विकावयास शिकवले आहे. जो कारागीर चार आकडे वाचून एक जीव वाचवतो, तो कोणत्याही इंजिनिअरपेक्षा कमी नाही.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच. टायरचा खर्च चालकाच्या मर्जीवर किंवा आपल्या मूडवर ठेवू नका. प्रत्येक खेपेच्या भाड्यातून ठरावीक रक्कम टायरसाठी वेगळी काढा, म्हणजे वेळ आल्यावर हात आखडणार नाही. टायर एकेकटा न बदलता आसाची जोडी बदला. स्टेपनीचीही हवा पाहा. आणि चालक "सेठ, टायर बरोबर नाही" म्हणाला, तर त्या दिवशी गाडी निघणार नाही, असा नियम करा. आम्ही तो केला आहे. गेल्या काही महिन्यांत दोनदा खेप चुकली, एक पार्टी रागावलीही. ती पुन्हा आली. नसती आली तरी चालले असते.

काही जण म्हणतील, होणारे होतेच, तकदीर कोण टाळणार? आम्हीही त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात हेच म्हणून मनाची समजूत घालीत होतो. परंतु आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. टायर पाहणे हे आपले उंट बांधणेच आहे. बिस्मिल्लाह म्हणून गाडी सुरू करणारा चालक आपला माल अमानत म्हणून नेतो. त्याचा जीवही आपल्याकडे अमानत आहे, हे तीन हजार रुपये वाचवताना आम्ही विसरलो होतो.

तो आता पुन्हा आमच्याकडेच कामाला आहे. गाडी चालवीत नाही, गोदाम सांभाळतो. टेम्पो निघण्यापूर्वी चारी टायरांवरून हात फिरवणे हे काम त्याने स्वतःहून घेतले आहे. तो वाकतो तेव्हा पाय दुखतो, हे आम्हाला दिसते. आम्ही काही बोलत नाही. वाचकांनी मात्र आज घरी जाण्यापूर्वी आपल्या टेम्पोजवळ दोन मिनिटे थांबावे आणि ते चार आकडे वाचावेत.